संगणकातला पौष

काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकानं १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, असं मानतात. माझा असा अंदाज आहे, की 'लेख झालाय, फक्त फेअर करायचा राहिलाय' हे वाक्यही मराठीत त्याच वर्षी पहिल्यांदा उच्चारलं गेलं असणार.

या परंपरेत माझीही थोडी भर आहे. सर्दी, पाहुणे, लोडशेडिंग, 'कालच कुरिअरला दिलाय' ही कारणं मी वापरून वापरून गुळगुळीत केली. माझ्या एका आत्याला तर मी तीन वेगवेगळ्या दिवाळी अंकांसाठी तीनदा अत्यवस्थ केलं. आत्या अजून ठणठणीत आहे. ते तिन्ही अंक मात्र बंद पडले.

मग लेकीनं मला ढगात नेलं. "बाबा, आता लिखाण क्लाउडवर ठेवत जा. लॅपटॉप बंद पडला, हरवला, तरी लेख सुरक्षित. फोनवर दिसेल, माझ्याकडे बंगळुरूला आलात तर इथेही दिसेल." कुठल्या कंपनीचा ढग, ते सांगत नाही. आमच्या आजीनं आजोबांचं नाव जन्मभर उखाण्याशिवाय घेतलं नाही, आणि मला या कंपनीचा उखाणा अजून सुचलेला नाही.

ढगाचे फायदे लेकीला जेवढे ठाऊक होते, त्याहून एक जास्त मला पहिल्याच वर्षी सापडला. 'सिंक होत नाहीये' हे कारण! यात कोणी आजारी पडत नाही, कुरिअरची पावती दाखवावी लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते कळत नसल्यामुळे तो सहानुभूतीशिवाय दुसरं काही देऊच शकत नाही. गेल्या वर्षी मी संपादकांना सांगितलं, "लेख तयार आहे हो, पण सिंकच होत नाहीये." पलीकडून आवाज आला, "अरेरे! मग आता?" मी म्हटलं, "बघू, वरूनच प्रॉब्लेम आहे." या एका वाक्यावर मी बारा दिवस काढले आणि त्या बारा दिवसांत लेख लिहिला.

यंदा खरंच सिंक झालं नाही.

यंदाची मुदत होती 'गणपती बसायच्या आत'. विषय होता माणसाचा आळस. मी फाइल उघडली. दरवर्षी नवी फाइल काढण्याची मला सवय नाही. शाळेत पाटी पुसून त्यावरच पुढचं गणित सोडवायचो, तसा जुन्या फाइलमधला गेल्या वर्षीचा मजकूर पुसायचा आणि तिथेच नवा लेख लिहायचा, ही माझी पद्धत. पाटी पुसून मी शीर्षक घातलं. पुढच्या बावीस दिवसांत ते शीर्षक चौदा वेळा बदललं आणि खाली तीन ओळी आल्या. मध्ये एकदा गेल्या वर्षीचं मानधन अजून आलेलं नाही हे आठवून एक परिच्छेद सपाट्यानं उतरला होता, पण तो संपादकांबद्दल होता आणि जरा तिखट होता. सज्जनपणे खोडून टाकला. उरल्या तीन ओळी.

उजाडता उजाडता हरतालिका उजाडली. दुसऱ्या दिवशी गणपती.

त्या संध्याकाळी आमच्या डोंबिवलीत दोन मिनिटं वीज गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी तीन वर्षांपूर्वीच निवर्तली आहे. तेव्हापासून तो अतिदक्षता विभागातल्या रुग्णासारखा वायरीवर जगतो. वीज गेली, तो गेला. वीज आली, मी त्याला उठवलं. उठताना त्यानं इंग्रजीत काहीतरी सांगितलं. संगणक इंग्रजीत काही सांगायला लागला, की मी ते न वाचता बंद करतो. विमा एजंटाचा फोन जसा आपण कट करतो, अगदी तसं.

त्या रात्री आमच्या घरात दोन जागरणं होती. सौभाग्यवतींचं हरतालिकेचं आणि माझं दिवाळी अंकाचं. तिनं फळांवर रात्र काढली, मी चहावर. पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी लेख पूर्ण झाला. तेवीसशे शब्द! आळसावर इतक्या वेगानं मराठीत क्वचितच कोणी लिहिलं असेल. शेवटचा पूर्णविराम दिला आणि कंट्रोल-एस दाबलं.

आता, ढगातल्या लिखाणात कंट्रोल-एस दाबायची गरज नसते, ते आपोआप सेव्ह होतं, हे लेकीनं मला वीसेक वेळा सांगितलंय. पण ज्यानं लोडशेडिंगच्या काळात टायपिंग केलंय त्याचा डावा हात आपोआप तिकडे जातो. लोकलमध्ये चढल्यावर हात खिशाकडे जातो, तसा. मी फ्लॉपीच्या काळातला माणूस. १.४४ एमबीची ती चौकोनी वडी शर्टाच्या खिशात घालून, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, भर पावसात छापखान्यात पोचवायची आणि तिथला ऑपरेटर ती घालून बघून म्हणायचा, "बुरशी लागलीय." सोनी कंपनीनं २०११ साली जपानमध्ये फ्लॉपी विकणं बंद केलं. माझा डावा हात अजून त्या काळातच आहे.

कंट्रोल-एस दाबल्यावर वर एक ओळ आली. त्यात 'सेव्ह' हा शब्द होता. तेवढा वाचला, गहिवरलो आणि झोपलो.

सकाळी आठ वाजता सौभाग्यवतींनी उठवलं. एका हातात दूर्वा, दुसऱ्या हातात माझा फोन.

"अहो, बघू तरी काय लिहिलंत रात्रभर, म्हणून उघडलं."

"मग? जमलंय ना?"

"शीर्षक आहे आणि तीन ओळी आहेत. रात्रभर दिवा जाळून तुम्ही तीन ओळी लिहिल्यात?"

मी लॅपटॉपकडे धावलो. लॅपटॉपवर तेवीसशे शब्द. फोनवर तीन ओळी. एकच फाइल, एकच लेखक, पण लॅपटॉप म्हणतो हा मनुष्य कर्तबगार, फोन म्हणतो आळशी. आमच्या नातेवाइकांतही माझ्याबद्दल असे दोन गट आहेत. म्हणून मी आधी नीट पाहिलं. रात्रीची ती ओळ अजून वर होती. आता चष्मा लावून अख्खी वाचली. तिचा अर्थ असा होता, की लेख 'या उपकरणात' सेव्ह झालाय. ढगात नाही. घरातल्या घरात. म्हणजे मनातल्या मनात लग्न ठरवल्यासारखं. मुलीकडच्यांना काही कल्पनाच नाही.

संपादकांना फोन केला. "साहेब, लेख तयार आहे, पण सिंक होत नाहीये."

पलीकडे शांतता. मग अत्यंत गोड आवाजात, "हो का? वरूनच प्रॉब्लेम असेल."

लांडग्याच्या गोष्टीतल्या त्या पोराला शेवटी नेमकं काय वाटलं असेल, ते मला त्या क्षणी कळलं.

बंगळुरूला फोन लावला. लेक झोपेत होती, पण 'सिंक' शब्द ऐकून ताडकन जागी झाली.

"बाबा, घाबरू नका. मी तुम्हाला ऑफलाइन मोड लावून दिला होता, म्हणून तर नेट नसताना लिहिता आलं. रात्री लिहिलेलं सगळं ब्राउझरच्या पोटात आहे. लॅपटॉपचा नेटशी संबंध जुळला, की आपोआप वर जाईल. फक्त दोन गोष्टी. तो टॅब बंद करू नका, आणि कोणालाही हात लावू देऊ नका."

पहिली गोष्ट विजेवर अवलंबून होती. दुसरी डोंबिवलीवर.

सौभाग्यवती मखराला दिव्यांची माळ लावत होत्या. "अहो, तो प्लग काढा. माळ लावायचीय."

"अगं, नको! प्लग काढला, की लेख गेला!"

"आणि बाप्पा अंधारात बसणार? तुमच्या आळसावरच्या लेखासाठी?"

हॉलमध्ये चालू असलेला प्लग एकच, तोही मखराच्या मागे. शेवटी मांडवली झाली. एक्स्टेन्शन बोर्ड आणला आणि लॅपटॉप मखराच्या शेजारीच पाटावर ठेवला. मधोमध मूर्ती, उजवीकडे समई, डावीकडे लॅपटॉप. समई विझू द्यायची नाही, लॅपटॉपही विझू द्यायचा नाही. एका चुलत काकूंनी तर आल्या आल्या दोघांनाही हळदकुंकू वाहिलं. त्यांना वाटलं, यंदा शस्त्रपूजा यांच्याकडे आधीच उरकताहेत.

गुरुजी नऊला येणार होते. चतुर्थीच्या दिवशी गुरुजींचं 'नऊला' म्हणजे लेखकाचं 'उद्या'. आरतीसाठी आलेली मंडळी तोवर रिकामी होती. मराठी माणूस रिकामा असला आणि समोर बिघडलेली वस्तू असली, की त्याच्यातला इंजिनिअर जागा होतो. माझ्या भाच्यासारखा खरा इंजिनिअरिंगला असला, तर विचारायलाच नको.

"मामा, राउटर बंद करून चालू केला का?"

"नाही."

त्यानं केला. काही झालं नाही. त्यानं परत केला. मग तो लॅपटॉपकडे वळला. "आता कॅशे साफ करू. ब्राउझरचा सगळा जुना डेटा उडवायचा, म्हणजे तो फ्रेश होतो."

शेजारचे काका निवृत्त बँक अधिकारी. ते खुर्चीतच ताठ झाले. "कॅश साफ करू? बँकेत हे वाक्य उच्चारलं असतंस, तर सस्पेंड झाला असतास!"

"कॅश नाही काका, कॅशे."

एवढ्यात स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून बंगळुरू कडाडलं, "बाबा, त्याला लॅपटॉपपासून लांब करा! डेटा उडवला, तर पोटातला लेखही उडेल! ढगात गेलेला नाहीये तो अजून!"

भाच्याचं बोट बटणापासून दोन सेंटिमीटरवर होतं. सौभाग्यवतींनी त्याच्या हातात खोबरं किसायला दिलं.

मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांचं निदान तयार होतं. "जागा संपली असेल. फुकटातली पंधरा जीबी किती दिवस पुरणार? माझी संपली, तेव्हा मेलसुद्धा येईना. फोटो डिलीट करा."

मी मनात हिशेब केला. देवनागरीचं एक अक्षर साठवायला साधारण तीन बाइट लागतात. म्हणजे माझा अख्खा लेख फार तर पन्नास केबी. माझा मावसभाऊ रोज सकाळी 'शुभ प्रभात' लिहिलेला गुलाब पाठवतो, तो एकेक गुलाब दोनशे केबी. एका गुलाबात माझे चार लेख मावतात. जुन्या फ्लॉपीतसुद्धा असे अठ्ठावीस लेख बसले असते. मराठी साहित्याला जागा कमी पडते ती कशामुळे, ते मला असं आकड्यांत प्रथमच कळलं. पण जागा संपलेली नव्हती. ते कळेपर्यंत सेक्रेटरींनी माझ्या फोनमधले मेहुणीच्या लग्नाचे चाळीस फोटो उडवले होते. "नंतर कचरापेटीतून परत काढता येतात, काही दिवस मुदत असते," असं ते मला हळू आवाजात म्हणाले. सौभाग्यवती स्वयंपाकघरात होत्या, म्हणून आम्ही दोघे वाचलो.

आता बँकवाले काका उठले. त्यांच्या कारकिर्दीत शाखेचं संगणकीकरण झालं होतं आणि त्या घटनेनंतर त्यांनी कशावरही विश्वास ठेवलेला नाही. "आम्ही रोज संध्याकाळी बॅकअप घेतल्याशिवाय घरी जायचो नाही. हे ढगबिग सोडा. मजकूर कॉपी करा, साध्या फाइलमध्ये टाका, पेनड्राइव्हवर घ्या, विषय संपला."

सूचना इतकी शहाणपणाची होती, की ती सकाळपासून मला का सुचली नाही याची लाज वाटली. काकांनी स्वतःच सूत्रं हाती घेतली. आधी नवी फाइल काढून तिला नाव दिलं. माझ्या लेखाचं शीर्षक होतं 'माणूस उठणार कधी?' संगणकानं नाव नाकारलं. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही म्हणे.

"का चालत नाही?" काका.

"त्याला प्रश्न विचारलेले आवडत नाहीत," भाचा खोबरं किसता किसता म्हणाला.

प्रश्नचिन्ह काढावं का, यावर दहा मिनिटं चर्चा झाली. माझं म्हणणं, प्रश्नचिन्ह काढलं तर 'माणूस उठणार कधी' हे अर्धवट वाटतं. सेक्रेटरी म्हणाले, 'माणूस उठणार' एवढंच ठेवा, सकारात्मक वाटेल. शेवटी काकांनी वैतागून फाइलचं नाव 'लेख' ठेवलं आणि माझ्या मजकुराकडे वळले. कंट्रोल-ए दाबलं. अख्खे तेवीसशे शब्द निळे झाले. आता फक्त कॉपी.

इथे काकांचा चष्मा घसरला. तो सावरायला त्यांनी एक हात वर नेला आणि दुसरा कीबोर्डवर टेकला.

तेवीसशे शब्द गेले. पांढऱ्याशुभ्र पानावर डाव्या कोपऱ्यात एक 'क' उरला.

सगळे त्या 'क'कडे बघत राहिले. रात्रभर ढगानं माझा लेख घेतला नव्हता. पण 'क' पडला मात्र, वर लगेच ओळ आली: सेव्ह झालं, या उपकरणात.

"कंट्रोल-झेड!" बंगळुरू ओरडलं. तिला काही दिसत नव्हतं, पण शांततेवरून तिनं ओळखलं. भाचा किसणीसकट धावला. कंट्रोल-झेड दाबताच लेख परत आला, थोडं खोबरं कीबोर्डमध्ये गेलं, आणि काका घामाघूम होऊन खाली बसले. बँकेत इतकी वर्षं काढली, पण एवढा मोठा घोटाळा त्यांच्या हातून कधी झाला नव्हता. त्यानंतर त्या मजकुराला बोट लावायची कोणाची छाती झाली नाही. सौभाग्यवतींनी लॅपटॉपभोवती रांगोळीची रेघ ओढली. लक्ष्मणरेषाच ती.

गुरुजी पावणेएकला आले. सकाळपासूनचं हे त्यांचं अकरावं घर. एका खांद्यावर पिशवी, कानाला फोन, फोनवर बाराव्या घराला 'निघालोच' म्हणून सांगणं चालू. फोन ठेवला, पाटावर बसले, पळी-पंचपात्र मांडता मांडता शेजारच्या लॅपटॉपकडे पाहिलं.

"यजमान, हे काय मांडलंय?"

मी सगळी कर्मकथा सांगितली. गुरुजींनी मान पुढे केली. एव्हाना भाच्यानं दुसऱ्या टॅबमध्ये काहीतरी उघडून ठेवलं होतं आणि तिथे तोच संध्याकाळचा इंग्रजी मजकूर दिसत होता. सकाळपासून तो पाच-सहा वेळा आला होता आणि प्रत्येकानं आल्या आल्या बंद केला होता. गुरुजींचा मात्र आयुष्यभराचा धंदाच असा, की समोर जे लिहिलेलं असेल ते पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचायचं.

त्यांनी वाचलं. सावकाश. मग म्हणाले, "यात लिहिलंय, तुमचं घड्याळ मागे आहे."

"ते संपादकसुद्धा दरवर्षी म्हणतात," मी म्हटलं.

"तसं नव्हे. इथे खाली कोपऱ्यात बघा." त्यांनी बोट दाखवलं. "१ जानेवारी २०१५. आज भाद्रपद शुद्ध चतुर्थी आहे, आणि तुमच्या संगणकात पौष चाललाय." मग अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "पौषात कुठलं शुभकार्य होतं का?"

अवघं घर त्या कोपऱ्याकडे वाकलं. खरंच २०१५ होतं! लेकीला सांगितलं, तर ती आधी हसली, मग म्हणाली, "अय्या, बरोबर! आतली ती नाण्याएवढी बॅटरी संपली असणार. घड्याळ तिच्यावर चालतं. वीज गेली, तेव्हा घड्याळ पार लॅपटॉपच्या जन्मापर्यंत मागे गेलं. ब्राउझर त्या कंपनीशी बोलायला लागण्याआधी तिचं प्रमाणपत्र तपासतो. त्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध' असं असतं. लॅपटॉपला वाटतंय २०१५ साल आहे, म्हणून त्याच्या लेखी यंदाचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. म्हणून तो बोलतच नाही."

"पण घड्याळ आपोआप का नाही सुधारलं?" भाच्यानं तांत्रिक शंका काढली.

"थोडा फरक असला तर सुधारतं. फारच मोठा असला, तर नाद सोडतं."

"घरातही असंच असतं," सौभाग्यवती माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

गुरुजींना मात्र यात नवल काहीच वाटलं नाही. "संकल्पात आम्ही काय करतो? आधी देश सांगतो, काळ सांगतो. कुठे बसलोय, कोणतं संवत्सर, कोणता मास, कोणती तिथी. मग नाव, गोत्र. मागणं सगळ्यात शेवटी. तिथीच चुकीची सांगितली, तर वरचे कोणाचं ऐकणार?"

भाच्यानं तारीख बदलली. २०१५ वरून आजच्या तारखेवर येताना लॅपटॉप क्षणभर थबकला. एवढी वर्षं एका उडीत ओलांडायची म्हणजे कोणीही थबकेल. मग वरची ओळ लुकलुकली. 'सेव्ह होत आहे' असं आलं. सगळ्यांनी श्वास रोखले. आणि मग आलं, सेव्ह झालं. या वेळी ढगात!

"मोरया!" सेक्रेटरी ओरडले. समोर मूर्तीची प्राणप्रतिष्ठा व्हायची होती, ती माझ्या लेखाची आधी झाली.

यानंतर श्रेयाचं वाटप झालं. सेक्रेटरींच्या मते जागा मोकळी केल्यामुळे रस्ता झाला होता. भाच्याच्या मते राउटरचा परिणाम हळूहळू होतो. काका म्हणाले, "मी म्हणतच होतो, आधी तारीख बघा. बँकेत चेकवर आम्ही पहिली तारीखच बघायचो." सकाळपासून त्यांनी लॅपटॉपवर सगळं पाहिलं होतं, फक्त तारीख सोडून. गुरुजी काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "चार्जर लावायला जागा आहे का? फोन चार टक्क्यांवर आलाय," आणि उत्तराची वाट न पाहता एक प्लग उपटून आपला घातला.

लॅपटॉप गप्प झाला.

किंचाळी माझीच होती. पण सौभाग्यवतींनी फोन पुढे धरला. फोनवर तेवीसशे शब्द होते. पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. ढग या वस्तूबद्दल त्या क्षणी माझ्या मनात जी भक्ती दाटून आली, ती शेतकऱ्याच्या मनात मृगाच्या पहिल्या सरीला येत असेल. लॅपटॉप पुन्हा उठवला, तेव्हा अर्थातच तो परत २०१५ च्या पौषात जाऊन बसला होता. पण आता मला त्याची गरज नव्हती.

आरती झाली, मोदक झाले, आणि मी फोनवरून लेख संपादकांना पाठवायला बसलो. लेकीनं शिकवलं होतं, की फाइल पाठवायची नाही, दुवा पाठवायचा. दुवा पाठवताना फोननं विचारलं, समोरच्या व्यक्तीला कोण म्हणून परवानगी देऊ? तीन पर्याय होते. व्ह्यूअर, कमेंटर, एडिटर.

काय सोपा प्रश्न होता! कंपनीला माझ्या व्यवसायाची इतकी माहिती असल्याचं पाहून बरं वाटलं. ज्यांना पाठवतोय ते दिवाळी अंकाचे संपादक आहेत. मी 'एडिटर' निवडलं आणि एकविसावा मोदक उचलला.

तिसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. आवाज विलक्षण प्रसन्न होता.

"लेख मिळाला. छान आहे. आणि तुम्ही आम्हाला एडिटरचे अधिकार दिलेत, त्याबद्दल विशेष आभार. त्यात एक व्हर्जन हिस्टरी म्हणून प्रकार असतो, ठाऊक आहे ना?"

"नाही."

"फाइलमध्ये कोणत्या तारखेला काय लिहिलं, काय खोडलं, सगळं दिसतं. आमच्या ऑफिसातल्या मुलीनं उघडून दिलं. फार करमणूक झाली." पानं उलटावीत, तसा त्यांचा आवाज सावकाश पुढे सरकू लागला. "यंदा बावीस दिवस. तीन ओळी. शीर्षकं चौदा. त्यांतलं सातवं चांगलं होतं हो, का बदललंत? मग आम्ही आणखी मागे गेलो. तुम्ही पाटी पुसून लिहिता वाटतं? गेल्या वर्षीचाही लेख निघाला खालून."

माझ्या घशाला कोरड पडली. मी आयुष्यभर चित्रगुप्तावर विनोद केले होते. त्याची वही चामड्याची असेल, जाडजूड असेल आणि निदान मेल्यावर उघडेल, अशी माझी समजूत होती.

"गेल्या वर्षी ज्या दिवशी तुम्ही म्हणालात, लेख तयार आहे, फक्त सिंक होत नाहीये," संपादक म्हणाले, "त्या दिवशी फाइलमध्ये नुसतं शीर्षक होतं. तेही अर्धवट."

"ते... प्रश्नचिन्ह चालत नाही ना तिथे..." मी पुटपुटलो.

"असू द्या, असू द्या. मी रागावलो नाहीये. उलट एक विनंती आहे. यंदाच्या लेखात मध्ये एक परिच्छेद होता, तुम्ही खोडलेला. आमच्या अंकाच्या मानधनाबद्दलचा. 'संपादक पानावर समासही असा सोडतात, की जणू त्याचेही पैसे वाचताहेत' वगैरे. तो परत घालाल का? सगळ्या लेखात तेवढाच परिच्छेद मनापासून लिहिलेला वाटतो."

लेखकाचा अपमान आणि कौतुक एकाच वाक्यात करणं, ही कला फक्त संपादकांना येते. पण मीही हाडाचा लेखक आहे. एवढं सगळं उघडं पडल्यावर आता लाजायचं काय शिल्लक होतं? मी घसा खाकरला.

"घालतो. पण साहेब, तो विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. गेल्या वर्षीचं ते मानधन..."

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग तोच गोड आवाज आला.

"अहो, ते तर आम्ही केव्हाच पाठवलंय. तुमच्याकडे सिंक झालं नसेल."